डेलियाचे कंद हिवाळ्यात सांभाळताना

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. गारवा त्याला चालतो, पण कंद गोठला की खेळ खलास. कंदात बहुतेक पाणीच. त्याचा बर्फ झाला की पेशी फाटतात आणि वितळल्यावर हाती नुसता लगदा येतो. जिथे जमीन गोठत नाही आणि निचरा चांगला आहे, तिथे वर पाचोळ्याचा जाड थर घालून कंद जागेवरच ठेवता येतात. माझी जमीन गोठते, वर चिकणमाती. उपसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

हिमाने एका रात्रीत पानं काळी पडेपर्यंत मी हात लावला नाही. दिवस लहान होऊ लागले की डेलिया कंद भरायला घेतो, तेव्हा ते शेवटचे आठवडे त्याला मिळू द्यावेत. मग दांडे वीतभर ठेवून छाटले, बुंध्यापासून फूटभर लांबून चहूबाजूंनी फावडं घातलं आणि गड्डा खालून हात देऊन उचलला. दांड्याला धरून ओढलं तर कंदाची मान मोडते, आणि सगळा जीव तिथेच. बटाट्यासारखे याच्या अंगभर डोळे नसतात. डोळा फक्त जुन्या दांड्याच्या तळाशी, मान जुळते त्या जागी. तो तुकडा सोबत नसेल तर कंद कितीही गलेलठ्ठ असो, त्याला कोंब यायचा नाही.

दांडे पोकळ असतात, आत पाणी तुंबतं. म्हणून गड्डे उलटे करून सावलीत सुकवले. माती धुवावी की नुसती झटकावी यावर वाद चालतात. मी धुतली, कारण चिकणमातीखाली कुजका भाग दिसतच नाही.

खोक्यात कंद कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात ठेवले, एकमेकांना टेकू न देता. जागा अंधारी, 4 ते 10 अंश सेल्सिअसची. खरी कसरत ओलाव्याची. कोकोपीट इतपतच दमट हवं की मूठ दाबली तर थेंबही गळू नये. महिन्याकाठी खोकं उघडून कंद चाचपायचे. सुरकुतला असेल तर पाण्याचा हलका शिपका. बोट आत गेलं आणि आंबूस वास आला, तर पांढरा घट्ट गर लागेपर्यंत कापायचं, नाहीतर सरळ फेकायचा. थंडीपेक्षा या ओलीनेच माझे जास्त कंद गेले.

हिवाळा सरता सरता डोळे टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी फुगले. गड्ड्यांची वाटणी मी तेव्हाच केली; प्रत्येक तुकड्यावर डोळा आहे की नाही, ते नजरेने कळतं. माती 15 अंशांच्या आसपास आल्यावर ते लावले आणि कोंब वर दिसेपर्यंत पाणी जवळजवळ दिलंच नाही.