तुम्ही विचारलंत म्हणून: दिसत नाही, मग एवढं काम कसं होतं?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, दवाखान्यात नंबर लावून बसलं की येतो, नवीन क्लायंटच्या पहिल्या फोनवर तर हमखास. "मॅडम, राग मानू नका, पण तुम्हाला दिसत नाही म्हणता, मग दिवसाला दोन हजार शब्दांचं भाषांतर होतं कसं?" आणि अलीकडे त्याच्या मागून लगेच दुसरा, "आता एआय आलंय, तेच करत असेल ना सगळं?" राग अजिबात येत नाही. विचारलेलं बरंच, कारण न विचारता लोक मनात जे ठरवून टाकतात त्यापायी माझी कामं गेलेली आहेत.

मी सांगलीत राहते, इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, जास्त करून शेती आणि आरोग्याचं. द्राक्षावरच्या फवारणीची माहितीपत्रकं, औषधाच्या डबीतल्या चिठ्ठ्या, असलं. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, डोळ्याच्या पडद्याचा आजार. कॉलेजात असताना दिवेलागणीला दिसेनासं व्हायला लागलं, मग हळूहळू बाजूचं गेलं, नळीतून बघावं तसं मधलं तेवढं राहिलं, आणि पस्तिशीत तेही गेलं. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं.

माझा कॉम्प्युटर बोलतो. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात, मी एनव्हीडीए वापरते. हा फुकट आहे आणि तो कसा आला ते मी प्रत्येकाला सांगते. मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका आंधळ्या तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, कारण विकतचे स्क्रीन रीडर फार महाग होते, आणि मग त्याचा मित्र जेम्स टेह, तोही आंधळाच, त्याच्या जोडीला आला. मी दृष्टी जाऊन घरी बसले होते तेव्हा विकतचा घ्यायची ऐपत नव्हती, या दोघांनी ते केलं नसतं तर मी आज काय करत असते मला खरंच माहीत नाही.

ऐकायचा वेग मात्र कमवावा लागतो. सुरुवातीला मी एकेक वाक्य तीनतीनदा ऐकायचे आणि संध्याकाळी डोकं ठणकायचं, आता एवढा वेगात लावते की मुलगा शेजारी बसला तर त्याला एक शब्द कळत नाही. आवाज यांत्रिक आहे, पण गोड आवाज वेग वाढवला की घसरतात आणि हा घसरत नाही, म्हणून तोच ठेवलाय. माऊस मी वापरतच नाही, सगळं कीबोर्डवर. वेबपेजवर एच दाबला की पुढच्या हेडिंगवर जाते, टी दाबला की टेबलवर, बी दाबला की बटणावर. तुम्ही नजरेने पान चाळता तसं मी या कळांनी चाळते. पण हे चालतं कधी, तर हेडिंगला खरंच हेडिंगची स्टाइल दिलेली असेल तर. नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं केलं की तुम्हाला ते हेडिंग दिसतं, माझ्या एचला ते सापडत नाही, मग चाळीस पानांची फाइल मला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावी लागते.

टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठी कीबोर्डवर अक्षरांची जी ठरलेली मांडणी असते त्यात. यात उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं आणि डाव्या हाताला स्वर आणि काने-मात्रे-वेलांट्या, त्यामुळे मराठी लिहिताना दोन्ही हात आलटून पालटून चालतात आणि एक ताल बसतो. कुठल्याही कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, तो बोटांना लागला की घर सापडलं. इनस्क्रिप्टमध्ये जे वर र आणि एफ वर ऱ्हस्व वेलांटी. मी तिथूनच शिकले.

शुद्धलेखनाचं लोक विचारतात आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे, कारण ऱ्हस्व आणि दीर्घ कानाला नीट कळत नाही, 'दिन' काय आणि 'दीन' काय, त्या वेगात दोन्ही सारखेच जातात. त्यासाठी मी ब्रेल शिकले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बोटं तशी निबर झालेली असताना. माझ्याकडे वीस खणांचा ब्रेल डिस्प्ले आहे, कॉम्प्युटरला जोडला की कर्सरजवळचा मजकूर ठिपक्यांमध्ये वर येतो. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, ऱ्हस्व इकाराचे ठिपके दोन आणि चार, दीर्घाचे तीन आणि पाच, म्हणजे दोन्हींचा उतार सारखाच, फक्त दीर्घाचा एक ओळ खाली. बोट फिरवलं की चूक हाताला लागते. शेवटचं वाचन मी नेहमी बोटांनीच करते, कानांवर सोडत नाही.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त सांगायचीय. माझा वेळ सगळ्यात जास्त कशात जातो, तर जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आजही ऑफिसांतून आणि छापखान्यांतून फायली येतात त्या कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या. त्या फॉन्टमध्ये आतमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांच्यावर मराठी चित्र चढवलेलं असतं. तुम्हाला स्क्रीनवर 'मराठी' असं छान दिसतं आणि मला ऐकू येतं ई, जे, के, कॅपिटल बी, एच. अख्खी फाइल तशी! कन्व्हर्टर असतात, पण जोडाक्षरं बिघडतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आकडे कधी कधी चिन्हं होतात, आणि मग ते निस्तरण्यात माझी सकाळ जाते. एका क्लायंटकडे मी दीड वर्ष मागे लागले होते, प्रत्येक ईमेलमध्ये तीच विनंती. शेवटी तिथे एक नवीन मुलगी लागली, तिने अर्धा दिवस बसून त्यांची सगळी टेम्प्लेट्स युनिकोडमध्ये करून टाकली. त्या अर्ध्या दिवसाने माझे दर आठवड्याचे पाच-सहा तास वाचले, आणि एआयने मला जे दिलंय ते सगळं एकत्र केलं तरी अजून तेवढं होत नाही.

एआय मी वापरते, रोज वापरते. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी अ‍ॅप २०२० पासून आहेच, त्याला इंटरनेटही लागत नाही. पण फोटोत काय आहे हे नुसतं ओळखण्यापलीकडे सविस्तर सांगणं, उलट प्रश्न विचारता येणं, हे अलीकडचं. बी माय आइज नावाचं अ‍ॅप २०१५ पासून आहे, त्यात आधी फक्त जगभरातले स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर बघून सांगायचे, २०२३ मध्ये त्यात एआय आलं. फ्रिजमधल्या दोन सारख्या बरण्यांपैकी लिंबाचं लोणचं कुठलं, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर आलेल्या फोटोत तो कुठे उभा आहे आणि हसतोय का, हे कुणाला हाक न मारता कळतं. हसतोय का, हे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर ऐकून थोडा वेळ तशीच बसून राहिले.

कामात मी त्याला तीन गोष्टी देते. स्कॅन केलेल्या कागदाचा मजकूर काढणं, आलेख आणि आकृत्या शब्दांत सांगणं, आणि एखादा शब्द अडला की चार पर्याय विचारणं. भाषांतराचा पहिला खर्डा मी त्याच्याकडून घेत नाही, घेऊन पाहिला होता. वाक्यं गुळगुळीत येतात पण 'ही एक महत्त्वाची बाब आहे की' अशी येतात, तासगावचा बागायतदार असं बोलत नाही, आणि ते सुधारण्यापेक्षा मी स्वतः लिहिलेलं लवकर होतं.

आणि आकडे. हे नीट सांगते. मागच्या हंगामात एका बुरशीनाशकाचं पत्रक आलं, स्कॅन केलेलं, म्हणजे माझ्या स्क्रीन रीडरला कोरं पान. एआयला दिलं, त्याने मजकूर काढला, एक लिटर पाण्याला ५ मिली असं प्रमाण सांगितलं. मी भाषांतर करत खाली गेले तर तिथे २०० लिटर पाण्याला १०० मिली. शंभराला दोनशेने भागलं तर अर्धा येतो. पुन्हा विचारलं, नक्की ५ का, तर म्हणालं हो, नक्की ५. दुसऱ्या अ‍ॅपला दिलं, तेही ५. मग शेजारच्या वहिनींना बोलावलं, त्यांनी कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "अगं शून्य पॉइंट पाच आहे, तो पॉइंट पुसट आलाय." दहापट औषध गेलं असतं बागेवर, ज्याची बाग त्याचं वर्ष गेलं असतं. तेव्हापासून नियम एकच, एआयने वाचलेला प्रत्येक आकडा मी दुसऱ्या आकड्याशी हिशेबाने ताडून बघते, आणि ताडायला दुसरा आकडाच नसेल तर माणसाला विचारते. त्यात मला कमीपणा वाटत नाही. वहिनींना त्या दिवशी चहा केला आणि क्लायंटला कळवलं की मूळ फाइल पाठवा, स्कॅन नको.

जिथे हे सगळं असूनही अडते त्याही जागा सांगते. नाव नसलेली बटणं, मोबाईलवर बोट ठेवलं की टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर, नुसतं 'अनलेबल्ड, बटण' म्हणतं, ते पैसे पाठवण्याचं की रद्द करण्याचं कळायला मार्ग नाही. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं टाइप करा म्हणणारे कॅप्चा. आणि केवायसी. एका अ‍ॅपने मला डोळे मिचकवा, चेहरा गोलात आणा असं सांगितलं, गोल कुठे आहे ते मला दिसत नाही, सात वेळा प्रयत्न केला आणि माझंच खातं मला उघडता आलं नाही. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने याच विषयावर निकाल दिला, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक दृष्टिहीन वकील यांच्या याचिकांवर, आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं स्पष्ट म्हटलं. त्या संध्याकाळी मी निकालाची अख्खी प्रत ऐकली, नेहमीपेक्षा हळू वेगात. अ‍ॅप बदलायला वेळ लागतोय, पण आता तक्रार लिहिताना मी त्या निकालाचा उल्लेख करते आणि उत्तर येतं.

मागच्या आठवड्यात इस्लामपूरहून एका मुलीचा फोन आला. वडिलांना काचबिंदू आहे, उशिरा कळलं, एका दुकानात हिशेब लिहायचे, आता अक्षर दिसत नाही म्हणून घरी बसलेत. तिने विचारलं, कुठलं एआय घेऊन देऊ? मी म्हटलं, आधी एनव्हीडीए टाक, ते बोलेल तसं ऐकायची सवय होऊ दे, थोडं दिसतंय तोवरच कीबोर्ड हातात बसू दे, एआयचं दोन महिन्यांनी बघू. आणि बाबांना फोन दे.

ते आधी काही बोलेचनात. मग म्हणाले, "ताई, या वयात जमेल का?" मी विचारलं, काका, कीबोर्ड समोर आहे का? दोन्ही हात ठेवा, बघू नका, बोटं नुसती फिरवा, पहिल्या बोटांना बारीक उंचवटा लागतो का सांगा. थोडा वेळ फोनवर नुसता कळांचा आवाज येत होता.

"लागला," ते म्हणाले.

उजव्या हाताचा आहे तो र, म्हटलं. दाबा.