विद्यापीठाच्या कुंपणाला वळसा घालून वाढलेले उपनगर

पुणे विद्यापीठात शिकत असताना मी रोज गणेशखिंडीचा चढ सायकलने चढत असे, आणि हे विद्यापीठ शहरापासून इतके लांब का, असा प्रश्न त्या चढावर दररोज पडत असे. त्याचे उत्तर ब्रिटिश काळात आहे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम पुण्यात असे आणि त्यासाठी बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, गणेशखिंडीत एक प्रशस्त प्रासाद बांधायला घेतला गेला. शहरापासूनचे अंतर हाच त्या जागेचा गुण होता. २२ जून १८९७ च्या रात्री याच प्रासादातील हीरकमहोत्सवी समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या, ही हकीकत आपण शाळेतच वाचलेली असते. आज त्या रस्त्यावरील वाहनांच्या रांगेत अडकल्यावर मात्र तो एके काळी निर्मनुष्य होता, यावर विश्वास बसत नाही.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले, बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले आणि सुमारे ४११ एकरांची ही जागा विद्यापीठाच्या वाट्याला आली. म्हणजे नव्या संस्थेभोवती वस्ती कशी वसावी, याचा विचार करून कोणी जागा ठरवली असे झाले नाही. एक तयार, कुंपणबंद इस्टेट एका धन्याकडून दुसऱ्याकडे गेली. माझ्या मते या भागाच्या पुढच्या वाढीचे मूळ या एका गोष्टीत आहे.

दुसरे कारण विद्यापीठाच्या स्वरूपात आहे. हे विद्यापीठ प्रामुख्याने संलग्न महाविद्यालयांचे. पदवीचे विद्यार्थी फर्ग्युसनमध्ये, स. प. महाविद्यालयात आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकणार, आणि गणेशखिंडीत पदव्युत्तर विभाग, ग्रंथालय आणि परीक्षांचा कारभार राहणार. त्यामुळे युरोपातील जुन्या विद्यापीठांच्या गावांसारखी खानावळी, पुस्तकांची दुकाने आणि भाड्याच्या खोल्या यांनी भरलेली वस्ती विद्यापीठाच्या दारात कधी उभीच राहिली नाही. आजही पुण्यातील विद्यार्थ्यांचे खरे गाव पाहायचे तर सदाशिव आणि नारायण पेठेतच जावे लागते.

दारात आल्या त्या संशोधन संस्था. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, पाषाणमध्ये संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आल्या आणि १९८८ मध्ये विद्यापीठाच्या आवारातच जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था सुरू झाली. आयुकाची वास्तू चार्ल्स कोरिया यांची. पुण्यात इतक्या विचारपूर्वक रचलेल्या इमारती थोड्याच आहेत, आणि ती पाहिल्यावर कुंपणाबाहेरच्या रचनेची उणीव अधिकच खुपते. २००६ मध्ये आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेची भर पडली. प्रत्येक संस्थेने आपली वसाहत, आपली झाडे आणि आपली भिंत सांभाळली. हिरवळ त्यामुळे टिकली, हे मान्यच करायला हवे; पण मोठ्या कुंपणांना लागून मोठी कुंपणे उभी राहिली, की त्यांच्यामधून जाणारे आडवे रस्ते उरत नाहीत.

याचा परिणाम विद्यापीठ चौकात दिसतो. औंध, बाणेर आणि पाषाणकडून येणारे रस्ते येथे एकत्र येतात आणि पुढे शिवाजीनगरकडे एकटा गणेशखिंड रस्ता जातो. औंध आणि बाणेर ही गावे होती, गावठाणाबाहेर शेती होती, तोवर हे चालून गेले. १९९७ च्या हद्दवाढीत बाणेर, बालेवाडी महापालिकेत आली आणि त्याच सुमारास हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान आकाराला येऊ लागले. समाविष्ट गावांचा विकास आराखडा मंजूर होण्यात वर्षांमागून वर्षे गेली. बिल्डर आराखड्यासाठी थांबत नाहीत. शेताच्या बांधांवरून गल्ल्या ठरल्या, त्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या आणि रस्ता, मैदान, शाळा यांची आरक्षणे मागाहून कागदावर आली. टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले, हा यातला सर्वांत शहाणा निर्णय. तो नसता तर बाणेरची टेकडीही आज इमारतींखाली गेली असती. या भागाला मोठे केले ते हिंजवडीने. विद्यापीठाने त्याला पत्ता दिला आणि चौकाला नाव दिले, इतकेच.

त्या चौकावर उड्डाणपूल बांधला गेला आणि जेमतेम दीड दशकाच्या आत, २०२० मध्ये, तो पाडावा लागला, कारण हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोमार्गात तो आड येत होता. त्याच्या जागी खाली वाहने आणि वर मेट्रो अशा दुमजली पुलाचे काम हाती घेतले गेले आणि रस्तारुंदीसाठी गणेशखिंड रस्त्यावरच्या जुन्या झाडांवर गदा आली.

मेट्रो आल्यावर विद्यापीठ, बाणेर आणि हिंजवडी प्रथमच एका मार्गावर येतील. स्थानकातून उतरून पायी जाणाऱ्याला मात्र सोसायटीच्या भिंती, बंद फाटके आणि पदपथावर लावलेल्या दुचाकी यांतून वाट काढावी लागणार आहे, आणि त्या अर्ध्या किलोमीटरचा आराखडा अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.