काकवीचा घास

रविवार, रात्री साडेअकरा

शुक्रवारपासून एकच गोष्ट डोक्यातून जाईना झालीय. आईच्या हातातला घास मी काढून घेतला. काढून कसला, ओढलाच. तिची बोटं काकवीनं चिकट झाली होती, त्यामुळं अर्धा तुकडा माझ्या हातात आला आणि अर्धा तिच्या बोटांना तसाच राहिला. ती बोट चाटेल म्हणून मी ओलं फडकं घेऊन तिचा हातसुद्धा पुसला. आणि वर म्हणालो, "तुला कळत कसं नाही?"

ती काही बोलली नाही. ताटाकडं बघत बसली.

मामा सकाळीच वडणग्याहून बाटली देऊन गेला होता. गुऱ्हाळं सुरू झाली की पहिली काकवी आमच्याकडं येते, हे माझ्या लहानपणापासूनचं. आईची कॅन्सरची केमो चालू आहे, त्यात डायबेटिसही. तीन आठवडे ती ताट सरकवत होती. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतंय म्हणायची. आणि त्या दिवशी आपणहून हिला म्हणाली, "एक भाकरी थाप की गं, काकवीसंगं खातो." तीन आठवड्यांत तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट. हे मला नंतर कळलं. नंतर कळलं म्हणून काय झालं? ओढायच्या आधी मी विचारलं होतं का?

पहिली पाळी करून शिरोलीहून साडेतीनला घरी आलो. वहीत हिनं तीनची साखर लिहिली होती, ३८६. इतकी कधीच झाली नव्हती. तसाच आत गेलो तर आईच्या पुढ्यात ती वाटी. पुढचं वर लिहिलंय.

रात्री साखरेच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं, "केमोआधी स्टेरॉइड दिलं होतं का?" दिलं होतं. मीच दिलं होतं. पहिले चार डोस झाले, आता औषध बदललं, आणि या नव्या औषधाची अ‍ॅलर्जी उठू नये म्हणून बारा तास आधी पाच गोळ्या आणि सहा तास आधी पाच, असं चिठ्ठीवर होतं. गुरुवारी दहाचा डोस, म्हणून बुधवारी रात्री दहाला दिल्या आणि पहाटे चारचा गजर लावून परत दिल्या. गजर चुकू नये म्हणून त्या रात्री झोपलोच नाही. त्या गोळ्यांनी दोन-तीन दिवस साखर चढते, डायबेटिसच्या माणसाची तर फारच. काकवीचा संबंधच नव्हता. साखर तीनला मोजलेली, वाटी साडेतीनला समोर आली, एवढं साधं मला दिसलं नाही.

डॉक्टरांनी दोन दिवसांपुरतं इन्सुलिन वाढवून दिलं. आज सकाळी उपाशीपोटी १४८.

कुणावर चिडायचं, तेही कळत नाही. तिन्ही डॉक्टर चांगले आहेत. कॅन्सरचे म्हणतात, वजन घटू देऊ नका, अंडी द्या, डाळ द्या, जे आवडेल ते द्या. किडनीचे म्हणतात, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी थकलीय, डाळ-अंडी हात राखून. साखरेचे म्हणतात, गोड नको, भात मोजून. आईचं वजन ४८ किलो. किलोमागं ०.८ ग्रॅम प्रोटीन धरलं तर दिवसाला ३८ ग्रॅम, १.२ धरलं तर ५८. मधले वीस ग्रॅम म्हणजे तीन अंडी. ही तीन अंडी द्यायची की नाही, हे रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात ठरतं. फौंड्रीत भट्टीपुढं उभं राहणारा माणूस मी. हे मी ठरवायचं?

पायांच्या मुंग्यांचंही तेच. साखरेनं येतात, या नव्या औषधानंही येतात. कुणामुळं विचारलं तर म्हणाले, दोन्हींमुळं. रात्री झोपायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून मी तिचे तळवे बघतो. जखम झाली तरी तिला कळायची नाही. त्या वेळी ती पाय आखडून घेते. मुलानं पाय बघायचे, याची तिला लाज वाटते. बघतो तरीही.

ताई व्हिडिओ कॉलवर रडते, मग तिला समजवायचं मीच. असो. ही दोन महिने आईजवळ खाली झोपते, कंबर धरून उठते. त्याबद्दल आज लिहायचं धाडस नाही.

शुक्रवारी रात्री फार वाईट वाटत होतं, स्वतःबद्दलच. रंकाळ्यावर जाऊन बसलो. वाटलं, सगळे फोनवर "काळजी घे" म्हणतात. काळजी म्हणजे काय, ते पहाटे चारला येऊन बघा. एक तरी माणूस म्हणू दे, आजची रात्र मी जागतो. तेवढ्यात तालमीतल्या पोराचा फोन आला. पुढच्या डोसला रिक्षा मी आणतो, दिवसभर थांबतो, तुम्ही रजा टाकू नका म्हणाला. मला नीट बोलताच आलं नाही. रजा संपल्यात, हे त्याला कुणी सांगितलं?

आणि काल, केमो देतात त्या डे-केअरच्या सिस्टरना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तिन्ही फायली एका पिशवीत आणा, सगळ्या गोळ्या एकाच कागदावर लिहा, प्रत्येक डॉक्टरांना तोच कागद दाखवा. ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता निघायचं, हेही परत एकदा सांगितलं. फोन ठेवताना म्हणाल्या, चुकलं नाही हो तुमचं, हे आम्ही आधीच सांगायला पाहिजे होतं. गोळ्यांच्या बाबतीत नसेल चुकलं. हात पुसल्याचं काय?

आज संध्याकाळी आईजवळ बसलो. म्हणालो, "परवा तुझी चूक नव्हती. गोळ्यांनी वाढली होती साखर."

"मला ठाऊक हाय की. एका घासानं कुठं चारशे हुतंय?"

"मग बोलली का नाहीस?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुझ्या आजीच्या हातातनं मी मशेरीची डबी काढून घेतलेली. शेवटच्या दुखण्यात. तोंड सगळं सोललेलं, तरी मागायची. मी दिली न्हाई."

"बरोबरच केलंस."

"बरोबरच केलं. पर तिचा हात असा पसरलेला ऱ्हायला बघ." तिनं आपला हात करून दाखवला. "डबी हाय अजून ट्रंकंत."

मला काहीच सुचलं नाही. तिनंच विचारलं, "बाटली कुठं टाकलास?"

बाटली तांदळाच्या डब्यामागं लपवली होती. आणून तिच्या उशाशी ठेवली. साखरेच्या डॉक्टरांना विचारून घेतलंय. डोसनंतरचे दिवस सोडून, एक चमचा, जेवणाबरोबर, आधी बोट टोचून साखर बघून. उद्या माझी दुसरी पाळी आहे, म्हणजे सकाळी घरी आहे. भाकरी मी थापणार. जमत नाही अजून, कडेला फाटते. आई म्हणाली, फाटू दे.