दोन मिनिटं शांतता, बावीस मिनिटं सतीश शहा

पुण्यात शोकसभा कशी होते हे सांगायला नको. टेबलावर पांढरी चादर, चंदनाचा हार घातलेला फोटो, पंख्याच्या वाऱ्याने सारखी विझणारी समई आणि सहा वक्ते. प्रत्येकाला पाच मिनिटं दिलेली असतात आणि पहिलाच वक्ता ‘मी फार वेळ घेणार नाही’ अशी सुरुवात करून अठरा मिनिटं घेतो. शास्त्रीबुवा असोत, संस्थाचालक असोत, बँकेतले निवृत्त साहेब असोत, सगळ्यांची सोय या एका पद्धतीत होते. विनोदी नटाची होत नाही. ‘त्यांनी आपल्याला खळखळून हसवलं’ हे वाक्य सहा जण सहा वेळा म्हणतात आणि सभागृहात कोणी एकदाही हसत नाही.

2025 ची दिवाळी या बाबतीत वाईटच गेली. 20 ऑक्टोबरला, नरकचतुर्दशीच्या दिवशी असरानी गेले. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले, फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, तोच शनिवारी 25 तारखेला सतीश शहा गेले. दोघंही लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. असरानी तिथे शिकले आणि पुढे तिथेच शिकवायलाही होते. त्याआधी ऑगस्टमध्ये बाळ कर्वे, म्हणजे दूरदर्शनवरचे गुंड्याभाऊ, गेलेच होते. तेही मूळचे पुण्याचे. पण टीव्हीवर रमलेल्या माणसाला सर्वांत जास्त चुटपुट लागली ती सतीश शहांची. चाळीस वर्षं हा माणूस या ना त्या रूपाने घरात येऊन बसत होता.

अशा नटाच्या आठवणीत हसणं शोभतं का, हा प्रश्न मुंबईने आधीच सोडवून टाकला आहे. अंत्यसंस्काराच्या वेळी ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’तली मंडळी एकत्र आली आणि त्यांनी मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. स्मशानात गाणं चालतं, तर नवी पेठेतल्या सभागृहात हसायला कोणाची हरकत असावी?

फक्त त्यासाठी कार्यक्रमाचा क्रम बदलायला हवा. दोन मिनिटं शांतता अगदी सुरुवातीला. ती शेवटी ठेवली तर हसून मोकळी झालेली माणसं उभी राहतात, कोणाला तरी पुन्हा हसू फुटतं आणि संयोजक डोळे वटारतात. शांतता झाली की लगेच दिवे बंद आणि थेट त्याच्या मालिकेतला एक भाग, अखंड. भाषणं नंतर. आधी अर्धा तास गंभीर बोलून झालं, तर त्या थंडगार खोलीला कितीही चांगला भाग दहा मिनिटं हलवू शकत नाही.

अखंड भाग, हा शब्द अधोरेखित करून ठेवावा. नट गेल्या दिवशी फोनवर जे तुकडे फिरतात ते पाहून ‘चला, आठवण झाली’ असं वाटतं खरं, पण त्या तुकड्यांतून नेमकं त्याचंच काम गळलेलं असतं. साराभाईंच्या घरातला कुठलाही प्रसंग घ्या. सासू माया सून मोनिशाच्या मध्यमवर्गीयपणावर टीका करते आहे, किंवा मुलगा रोसेश कविता म्हणतो आहे. बोलणारा तिसराच, आणि इंद्रवदन, म्हणजे सतीश शहा, सोफ्याच्या टोकाला बसलेला. चेहरा आधी कोराच असतो. मग डोळे फिरतात, कोण सापडतंय ते बघतात, ओठ जरासे आत ओढले जातात आणि तेवढ्यात आपल्याला कळतं की आता कोणाची तरी खैर नाही. वाक्य त्यानंतर येतं. ते वाक्य लेखकाचं. त्याआधीचे तीन सेकंद सतीश शहांचे. उभ्या फोनसाठी चौकट कापताना सोफ्याचं ते टोकच उडतं आणि वाक्याच्या आधीचं सगळं ‘लांबण’ म्हणून छाटलं जातं. राहतो तो टोमणा. टोमणे काय, पुण्यात रिक्षा थांब्यावरही मिळतात.

तुकडे दाखवायचेच असतील तर निदान वाक्याच्या आधीचे वीस सेकंद आणि नंतरचे पाच ठेवावेत, आणि चौकट आडवीच राहू द्यावी. नंतरचे पाच का? कारण समोरच्या नटाचा पडलेला चेहरा हा विनोदाचा दुसरा अर्धा भाग असतो. माया झालेल्या रत्ना पाठक शहांचं श्रेय त्या पाच सेकंदांत आहे. या दोघांची जोडी ‘साराभाई’च्या आधी, नव्वदच्या दशकात, झी टीव्हीवर ‘फिल्मी चक्कर’मध्ये नवरा-बायको म्हणून जमलेली होती. 2004 मध्ये स्टार वनवर इंद्रवदन आणि माया पहिल्याच भागापासून मुरलेले वाटतात ते काही उगाच नाही.

कुठला भाग निवडायचा यावर मात्र भांडणं होणार. ‘साराभाई’चं सोपं आहे, भूमिका एकच, त्यामुळे जिथे इंद्रवदन सर्वांत कमी बोलतो तो भाग घ्यावा. खरी पंचाईत ‘ये जो है जिंदगी’ची. 1984 ची ही मालिका, शुक्रवारी रात्री दूरदर्शनवर. लिहिणारे शरद जोशी (शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतले व्यंगकार) आणि दिग्दर्शनात कुंदन शहा, तेही इन्स्टिट्यूटचेच. रणजीत, रेणू आणि राजा झालेले शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी दर आठवड्याला तेच; सतीश शहा दर आठवड्याला वेगळे. 55 भागांत 55 भूमिका, हा हिशेब नेहमी सांगितला जातो. त्यामुळे होतं काय, की या नटाच्या गाजलेल्या भूमिकेला नावच नाही. ‘अरे, तो नाही का, तो भाग, ज्यात तो...’ अशी वाक्यं सुरू होतात आणि हातवाऱ्यांत संपतात.

मग कोणीतरी हौशी मंडळी या भूमिकांची पाच मिनिटांची माळ ओवतात. दिसायला झकास, पण फसते. पगडी, टोप, मिशा, चष्मे भराभर बदलत जातात आणि प्रेक्षक रंगभूषेला दाद देऊन मोकळा होतो. मिशी कोणालाही लावता येते. प्रत्येक माणसाची चालण्याची, खुर्चीत बसण्याची, दुसऱ्याच्या घरात हक्काने वावरण्याची रीत वेगळी असते आणि ती कळायला निदान सहा-सात मिनिटं त्याच्यासोबत घालवावी लागतात. शिवाय तो घरात शिरण्याआधी रणजीत, रेणू आणि राजा यांचं जे चाललेलं असतं ते पाहिलं नाही, तर हा पाहुणा नेमकं काय मोडतोय ते कळत नाही. म्हणून एकच भाग, पण पहिल्या चौकटीपासून.

आता तांत्रिक बाजू, कारण श्रद्धांजली निम्म्या वेळा इथेच बोंबलते. जुन्या मालिकांचं चित्र चारास तीन, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. सभागृहातला प्रोजेक्टर सोळास नऊवर बसवलेला. तो चित्र ताणतो आणि सगळी माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. सतीश शहा मुळातच ऐसपैस, ते पडद्याबाहेर जायला बघतात, आणि लोक भलत्याच गोष्टीला हसतात. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘ॲस्पेक्ट’ शोधून चारास तीन करावं. लॅपटॉपवर व्हीएलसी असेल तर ‘ए’ हे बटण दाबत गेलं की चौकटी बदलत जातात. हलत्या हाताच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले तर ‘डी’ दाबावं. जुनं चित्र एकाआड एक ओळींत रेकॉर्ड झालेलं असतं, त्या ओळी नीट जुळवून घेतल्या जातात. घरगुती कॅसेटवरून उतरवलेल्या प्रतीत चित्राच्या तळाशी एक थरथरती पट्टी असते. जुन्या टीव्हीच्या काचेच्या कडेखाली ती झाकली जायची, पडद्यावर उघडी पडते. पडद्याची खालची दोन इंचं काळ्या कापडाने झाका, प्रश्न मिटला. आणि चित्र फार मोठं करू नये. मूळ चित्र जेमतेम 576 ओळींचं. सात-आठ फूट रुंदीच्या पुढे गेलं की डोळे पुसट होतात, आणि आपण आलो आहोत ते डोळे बघायला.

नव्या मालिकेचं वेगळंच. ॲपवरून लावली आणि मध्ये जुना कन्व्हर्टर असला तर आवाज येतो, चित्र काळं. चोरीविरोधी कुलूप जुन्या जोडणीला दाद देत नाही. म्हणून त्याच केबलने, त्याच प्रोजेक्टरवर, आदल्या दिवशी लावून पाहावं. आवाज प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरमधून न देता सभागृहाच्या मिक्सरला जोडावा. घुंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढावा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. बरं, जाहीर कार्यक्रम असेल तर हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. प्रवेश फुकट ठेवला म्हणून ती लागत नाही, हा आपला सार्वजनिक गैरसमज आहे.

जागा लहान घ्यावी. तीनशे खुर्च्यांत साठ पुणेकर सोडले की ते कडेच्या आणि मागच्या खुर्च्या पकडतात, लवकर निघायला बऱ्या म्हणून. मग प्रत्येक जण एकेकटा हसतो आणि दुसऱ्याला ऐकू न आल्याने थांबतो. मागच्या रांगांना सरळ सुतळी बांधून टाकावी. साठ माणसं खांद्याला खांदा लावून बसली की तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंचं हसू सगळ्या खोलीला पुरतं.

वक्ते दोनच, तीन-तीन मिनिटं, आणि अट एक: एका प्रसंगाबद्दल बोला. ‘हास्यसम्राट’, ‘पोकळी’, ‘पडद्याआड’ या शब्दांना बंदी. नकला नकोत. फोटो साध्या चेहऱ्याचा, भूमिकेतला नको; ज्याच्या 55 भूमिका त्याची कुठली निवडणार?

‘जाने भी दो यारो’चा आग्रह कोणीतरी धरणारच. 1983 चा सिनेमा, कमिशनर डिमेलोचं, म्हणजे सतीश शहांचं, प्रेत, दारू प्यायलेल्या ओम पुरींना शवपेटी गाडी वाटते तो प्रसंग, आणि शेवटी महाभारताच्या नाटकात त्याच प्रेताची झालेली द्रौपदी. मेलेल्या माणसाने इतकं हसवल्याचं दुसरं उदाहरण आपल्याकडे नाही, आणि शोकसभेत ते दाखवताना संयोजकाला घाम फुटतो. दाखवावं बिनधास्त. द्रौपदीचा प्रसंग तुकड्यानेही चालतो, कारण तिथे सतीश शहांना काहीच करायचं नसतं. ते काहीच न करणं किती कठीण आहे ते पाहायचं असेल तर बाकीचे ओढाताण करत असताना फक्त त्यांच्या मानेकडे लक्ष ठेवावं. ‘गंमत जंमत’ मात्र मराठी आहे म्हणून घुसडू नये. त्यात ते आहेत, पण संध्याकाळ अशोक सराफ घेऊन जातात.

असरानींना याच कार्यक्रमात उरकू नये. त्यांचा जेलर ‘शोले’त येऊन जातो तो थोड्याच वेळासाठी, आणि तो तुकडा आधीच पूर्ण आहे, त्याला मागचं-पुढचं काही लागत नाही. त्यांची संध्याकाळ वेगळ्या तारखेला, मोठ्या पडद्यावर, आणि त्या दिवशी मागच्या रांगांची सुतळी सोडायला हरकत नाही.