एक्स्ट्रॅक्टच तर करायचं होतं

"अजून एक्स्ट्रॅक्टच चाललंय?" सर सहज बोलून गेले असतील. पण दुपारपासून ते काही डोक्यातून जात नाहीये.

जीसीसी १३.२ चा, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम करून देणाऱ्या कंपायलरचा सोर्स. दाबून बांधलेली टार डॉट एक्सझेड फाइल ८४ एमबीच्या आसपास, सुटली की जीबीच्या घरात जाते. ती सोडवणारं टार धडाधड नावं दाखवत पुढे जातं आणि टेस्टसूटच्या, म्हणजे कंपायलरच्या चाचण्यांच्या फोल्डरमध्ये अडकतं: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डीएफ (डिस्कवर जागा किती ते दाखवणारी कमांड) मारलं तर निम्म्याहून जास्त डिस्क रिकामी. जागा आहे म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग स्क्रीनकडे. ते बघणंच लागतं. डाउनलोड अर्धवट असेल म्हणे. नव्हतं. फाइल पडताळायचा शा-५१२ चेकसम शेवटच्या अक्षरापर्यंत जुळत होता. सर्व्हरचं एरर पान टारच्या नावाने सेव्ह झालं असेल म्हणे. तेही नव्हतं. मग तर निम्म्या फाइल्ससुद्धा सुटल्या नसत्या.

आईचा फोन येऊन गेला. बरी आहे म्हटलं. असो.

राग एररचा नाही. कंपायलर बिल्ड झाला की सगळे विचारतात किती वेळ लागला, कुठले फ्लॅग्स दिले. त्याच्या आधीचं कुणी विचारत नाही. ते जमलं नाही तर मात्र 'एवढंही नाही?'

संध्याकाळी डीएफला डॅश आय लावून बघितलं. आयनोड १०० टक्के.

म्हणजे जागा होती, फाइलींची नोंद ठेवायला खाती उरली नव्हती. ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये आयनोड, म्हणजे ही खाती, किती ते फॉरमॅट करतानाच ठरतं. एरवी दर १६ केबीमागे एक. पण हे १०० जीबीचं पार्टिशन कुणीतरी व्हिडिओ डेटासाठी 'लार्जफाइल' प्रकाराने बनवलंय, म्हणजे दर एमबीमागे एक. सगळे मिळून लाखभर. आणि जीसीसीच्या एकट्या सोर्समध्येच लाखाहून जास्त फाइल्स, त्यातल्या बहुतेक टेस्टसूटमधल्या चार-दहा ओळींच्या. बसणार कशा?

आकडे बघितल्यावर रडूच आलं थोडं. मग जीसीसीचं इन्स्टॉलेशनचं पान उघडलं. तिथे आजही स्वच्छ लिहिलंय की काही सिस्टिम्सवर सोर्स सोडवायला जीएनयू टार १.१४ किंवा त्यापुढचंच लागतं. म्हणजे ज्यांनी हे सगळं बांधलं, त्यांनाही माहीत आहे की लोक पहिल्या पायरीवर अडकतात, आणि त्यांनी ते लिहून ठेवलंय. हे वाचून फार बरं वाटलं. सरांचं बोलणं विसरले असं नाही, पण धार गेली.

अर्धवट सुटलेलं सगळं पुसलं, आयनोड मोकळे झाले. मग टारला एक्सक्लूड लावून फक्त जीसीसी फोल्डरमधली टेस्टसूट वगळली. लिबएसटीडीसी++ या सी++ लायब्ररीची मात्र ठेवली, तिच्यात मेकफाइल डॉट इन आहे, ती फाइल नसली तर बिल्डची तयारी करणारं कॉन्फिगर पुढे रडतं. या वेळी टार शेवटपर्यंत गेलं. चेक चालवायचे तेव्हा टेस्टसूट दुसऱ्या डिस्कवर घेईन.

सरांना मेल टाकलाय. डीएफ डॅश आयचं आउटपुट जसंच्या तसं जोडलंय. ते उघडतील की नाही, कोण जाणे. पुढची डिस्क एक्सएफएस फाइलसिस्टिममध्ये बनवा, तिथे आयनोड लागतील तसे वाढतात, एवढं मात्र ठळक अक्षरांत लिहिलंय.