तुम्ही विचारलंत म्हणून : शंभर किलोच्या वरच्या रायडरने उतारासाठी ब्रेक कुठले घ्यावेत?

"वजन ११० किलो आहे, उतारावर ब्रेक पुरत नाहीत, चार पिस्टनवाले कुठले घेऊ?" नाशिकच्या सायकलवाल्यांत हा प्रश्न वरचेवर येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त कंपनीचं नाव हवं असतं. नावं सांगतोच. पण पैसे वाया जातात ते डिस्क (ब्रेक जिला पकडतो ती चाकावरची चकती) आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपायी दांडा) यांच्यापाशी, म्हणून सुरुवात तिथून.

आधी हिशेब करू. ११० किलोचा रायडर, १७ किलोची सायकल, हेल्मेट, गुडघा-कोपराचे गार्ड, पाणी आणि हत्यारं मिळून ६ किलो, एकूण १३३. तेवढंच सामान घेतलेला ७० किलोचा रायडर ९३ वर थांबतो. ३०० मीटर उंची उतरताना पहिल्याला सुमारे ३९० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, दुसऱ्यापेक्षा ४३ टक्के जास्त. २५ अंशांचं सव्वा लिटर पाणी उकळायला एवढीच उष्णता लागते. त्यातली थोडी हवेत आणि टायरमध्ये जाते, बाकीची सगळी दोन डिस्कवर येते, आणि त्या दोन्हींचं वजन मिळून जेमतेम ४०० ग्रॅम. चाक एकदा अडवणं कुठल्याही बऱ्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकला जमतं. उतार संपत आल्यावरही ते तसंच अडायला हवं, आणि जड रायडरचं घोडं तिथे अडतं.

म्हणून पहिला खर्च डिस्कवर करा. १८० मिमीवरून २०३ वर गेलात की बोटाच्या तेवढ्याच जोरात सुमारे १३ टक्के जास्त पकड मिळते. तिथून २२० वर गेलात तर आणखी ८ टक्के. शिवाय धातू वाढतो, त्यामुळे तापायला वेळ लागतो. जाडीही बघा. शिमानोची डिस्क १.८ मिमीची असते आणि १.५ ला बाद होते. स्रॅमची एचएस२ २ मिमीची आहे, टीआरपीची २.३ ची. मात्र जाड डिस्क कुठल्याही कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) घुसवू नका. पॅडमध्ये तेवढी जागा नसेल तर ती सतत घासत राहते. मागे १८० ठेवण्याची पद्धत हलक्या माणसासाठी ठीक आहे. शंभरच्या वर असाल तर मागेही २०३ च लावा, कारण तीव्र उतारावर मागचा ब्रेक जास्त वेळ धरला जातो आणि आधी तोच तापतो.

आता फोर्क. त्याला जास्तीत जास्त किती मिमीची डिस्क चालते हे कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. स्वस्त सायकलींच्या अनेक फोर्कना १८० च्या पुढे परवानगी नसते. तिथे २०३ लावणं म्हणजे फोर्कच्या पायावर न सोसणारा ताण टाकणं. अशा वेळी ब्रेकचा विचार बाजूला ठेवा आणि आधी फोर्क बदला. मागच्या बाजूला फ्रेमचीही मर्यादा असते, तीही तपासा. अॅडॉप्टर, म्हणजे डिस्कच्या मापाप्रमाणे कॅलिपर बसवायचा जोडतुकडा घेताना २०० आणि २०३ यांची गल्लत होते. २०३ च्या अॅडॉप्टरवर २०० ची डिस्क लावली की पॅड काठाबाहेर दीड मिलिमीटर लोंबतो. तेवढी पट्टी झिजतच नाही, आणि पॅड पातळ झाले की दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकमेकींना भिडतात. लिव्हर कडक लागतो, ब्रेक मात्र लागत नाही.

कॅलिपरमध्ये पॅड ढकलणारे चार पिस्टन हवेतच. बजेट आटोक्यात असेल तर शिमानो डिओरे एम६१२० पुरेसा आहे. त्यावर एसएलएक्स एम७१२० आणि एक्सटी एम८१२०. डाउनहिलसाठीच बनवलेला सेंट एम८२०. स्रॅमचा कोड, आणि त्याहून बराच ताकदवान, २०२४ साली आलेला मेव्हन. मॅगुरा एमटी५ आणि एमटी७, हेज डॉमिनियन ए४, टीआरपी डीएच-आर इव्हो, होप टेक ४ व्ही४. यातला एकही ११० किलोला कमी पडणारा नाही. माझं मत विचाराल तर साध्या चार पिस्टनसोबत २०३ च्या दोन चांगल्या डिस्क, हा संच महागड्या लिव्हरसोबत १८० च्या डिस्क लावण्यापेक्षा केव्हाही सरस. आणि ज्याचे पॅड, तेल नाशिकमध्ये किंवा मुंबई-पुण्याहून दोन दिवसांत हाती येईल तोच ब्रेक घ्या.

शिमानो, मॅगुरा, टीआरपी आणि मेव्हनमध्ये मिनरल ऑइल चालतं. कोड, हेज आणि होपमध्ये डॉट नावाचं ब्रेक फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात घातलंत की सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. डॉट ५.१ नवं असताना किमान २६० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि हा आकडा १८० पर्यंत उतरू शकतो. म्हणून पावसाळा संपला की ते बदलून घ्या.

पॅडबद्दल जरा सविस्तर. ऑरगॅनिक (रेझिन) पॅड थंड असतानाही चांगला धरतो आणि आवाज करत नाही, पण तापला की चकाकतो, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत होऊन पकड सोडतो. त्र्यंबक-अंजनेरीकडच्या पावसाळी चिखलात तर तो बघता बघता संपतो. वजन जास्त असेल तर मेटल, म्हणजे सिंटर्ड पॅड घ्या, मागे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंख (फिन) असलेले मिळाले तर उत्तमच. पहिल्या दोन-चार ब्रेकला ते थोडे मंद लागतात, चिखलात किंचाळतात, तेवढं सोसा. फक्त डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलंय का ते बघा. कोरलेलं असेल तर ती मऊ डिस्क सिंटर्ड पॅड खाऊन टाकतील.

उतारावर ब्रेक गेला तर लिव्हर काय सांगतो ते ओळखायला शिका. लिव्हर मऊ होऊन हँडलला टेकला आणि दोन-तीनदा दाबल्यावर परत वर आला, तर आत हवा आहे किंवा तेल उकळलंय. थांबा, थंड होऊ द्या आणि घरी गेल्यावर ब्लीड करा, म्हणजे आतली हवा काढून तेल नव्याने भरा. लिव्हर दगडासारखा कडक असूनही सायकल थांबत नसेल, तर पॅड चकाकलेत किंवा त्यांना तेल लागलंय. इथे ब्लीड करून काही फायदा नाही. चकाकी पॉलिश पेपरने उतरते, तेल मुरलेला पॅड मात्र फेकूनच द्यावा लागतो. मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर शेवटी डिझेल किंवा ऑइलचा फवारा मारतात, डिस्क ब्रेकची सायकल तिथे नेऊच नका.

सवयही बदलावी लागेल. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना ब्रेक हलकासा धरून ठेवणारे पुष्कळ दिसतात. त्यात डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग उतरवा आणि पूर्ण सोडून द्या.

नवे पॅड आणि डिस्क लावल्यावर लगेच उतारावर जाऊ नका. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावा, मग थोड्या जास्त वेगावरून आणखी दहा वेळा. चाक एकदाही लॉक होऊ देऊ नका आणि पूर्ण थांबू नका, नाहीतर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक धडधडत राहतो. हे पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळं करा.

आणि त्याच फेरीत पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते बघून घ्या. आपल्या दुचाकींवर तो उजवीकडे असतो, पण बाहेरून आलेल्या बऱ्याच सायकलींवर डावीकडे. स्कूटरची सवय असलेल्या हाताने घाईत मागचा समजून पुढचाच दाबला, तर २०३ ची डिस्क तुम्हाला हँडलवरून पुढे फेकेल. दुकानात पाइप अदलाबदल करून मिळतात, त्यानंतर दोन्ही बाजू ब्लीड करून घ्या.