विभाग ५ वगळा

सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत 'गर्भाशय काढले आहे' यापुढं 'हो' दाबलं आणि टॅब विभाग ४ वरून थेट ६ वर गेला. मधला विभाग लैंगिक जीवनाचा: इच्छा, वेदना, समाधान. प्रश्नावली बांधणाऱ्यांच्या लेखी पिशवी गेली की बाईचं हे सगळंही संपलं.

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली वस्ती. साखर कारखान्यांचे पट्टे पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, माणसं घरी परतलेली. आमचा अर्धा वेळ एकांत मिळवण्यात जातो. सोबतची मुलगी सासूला ओट्यावर नेऊन शेळ्या, पत्रे, नळ असं विचारत वीस मिनिटं गुंतवून ठेवते. हे काम तिच्याइतकं कुणाला जमत नाही, आणि पैसे तिलाच सगळ्यांत कमी.

छापील प्रश्न जसाच्या तसा वाचा, असा नियम आहे. 'लैंगिक संबंध' म्हटलं की बाई पदर तोंडाला लावते. 'मालकासंगं राहणं' म्हटलं की बोलते. लैंगिक जीवनाचे अभ्यासक आल्फ्रेड किन्सेंनी अमेरिकेत १९३८ पासून हजारो मुलाखती घेतल्या, त्या समोरच्याच्या बोलीत शिरूनच. आमच्या वरिष्ठांना ते अजून पटत नाही.

ही छत्तीस वर्षांची. टॅब मिटताना म्हणाली, "झालं का इचारून? मंग मी एक इचारू? पिशवी काढल्यापसून मालक जवळ आला की काटा रुतल्यावानी दुखायलंय. मनच होईना. ते म्हनतेत, तुझं ध्यान दुसरीकडं हाय. ह्ये पिशवीनं झालं, का मीच बिघडले?"

पेटीतून तिनं कॅरीबॅगेत गुंडाळलेला दवाखान्याचा कागद काढला. घड्यांवर फाटलेला, रेशनकार्डाला चिकटलेला. त्यावर 'टीएएच' आणि पुढं 'बीएसओ'. म्हणजे पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढलेले, एकतिसाव्या वर्षी. नुसती पिशवी गेली तर अंडाशय आपलं काम करत राहतात. तेच गेले की इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक एकदम घसरतं. आतला ओलावा आटतो, संबंध दुखतो, अंगातून वाफा निघतात, हाडं झिजतात. दुखणाऱ्या गोष्टीची इच्छा कशी होईल?

तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. २०१९ च्या शासकीय समितीपुढं ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांचं पुढं मालकासंगं कसं चाललंय, हे आम्ही तरी विचारायला हवं होतं.

आम्हाला सल्ला द्यायची मनाई आहे. मी दिला. "ताई, तुमच्यात खोट नाही," म्हटलं. अंडाशयांचं समजावलं; जेली असते, आत लावायचं मलम मिळतं, कागद घेऊन बाईडॉक्टरकडं जा, असं सांगितलं. तिनं कागदावरची 'बीएसओ' ही अक्षरं बोटानं दोनदा चाचपली.

"ह्ये मालकास्नी सांगता का? माझं ऐकायचे न्हाईत."

मालक मुकादमाकडं उचलीचं बोलायला गेलेला. गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला तरी आम्ही तासभर थांबलो. तो आला नाही.